चुना मारला की दिवे बदलले? नोत्र दामच्या उजेडाचं गणित

डिसेंबर २०२४ मध्ये पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रल पुन्हा उघडलं आणि आतले फोटो जगभर फिरले. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामेभावाची एकच ओळ आली: "चुना मारला का रे याला?" तो दहा-बारा वर्षांपूर्वी तिथे जाऊन आलाय. त्याच्या फोटोतल्या भिंती जुन्या स्वयंपाकघरातल्या चुलीमागच्या भिंतीसारख्या, तपकिरी-काळ्या. आणि आता हे? दुधात बुडवून काढल्यासारखं.

ही शंका त्याची एकट्याची नव्हती. "फार पांढरं केलंय", "मॉलसारखा लखलखाट", "गूढपणाच गेला" अशा तक्रारी खूप झाल्या. त्या तक्रारींत दोन गोष्टींची गल्लत आहे. एक म्हणजे दगड स्वच्छ होणं आणि दुसरी म्हणजे दिवे बदलणं. जुन्या, नुकत्याच दुरुस्त झालेल्या चर्चमध्ये प्रकाशयोजना करणाऱ्याचा सगळा खेळ या दोन गोष्टींच्या मधे चालतो. तो समजून घ्यायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. घरी ट्यूब बदलली असेल तर पुरे.

आधी दगड, मग दिवा

१५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी नोत्र दामच्या छताला आग लागली. ओकच्या लाकडाचा सगळा सांगाडा जळला, ९६ मीटर उंचीचा शिखर-मनोरा कोसळला. छतावर शिशाचे पत्रे होते. ते वितळले आणि त्या शिशाची धूळ आतल्या प्रत्येक कंगोऱ्यावर बसली. म्हणजे भिंती धुणं हा हौसेचा भाग नव्हताच, ते विष काढायचं होतं.

पण धूळ काढता काढता तिच्याखालचंही निघालं. शतकानुशतकांची मेणबत्त्यांची काजळी, शहराचा धूर, लाखो माणसांच्या श्वासांतून आणि कपड्यांतून आलेला मळ. आतली सुमारे ४२,००० चौरस मीटर दगडी पृष्ठं साफ केली गेली. आधी व्हॅक्यूमने धूळ ओढली, मग बऱ्याच ठिकाणी भिंतीवर लेटेक्सचा थर फवारला, तो सुकू दिला आणि साल सोलतात तसा सोलून काढला. शाळेत तळहाताला फेव्हिकॉल फासून, वाळल्यावर त्याची कातडी आपण सगळ्यांनीच सोललीय. तेच तंत्र, फक्त ३३ मीटर उंचीच्या परांचीवर. (कडेच्या छोट्या प्रार्थनागृहांतली भित्तिचित्रं मात्र अशी सोलून चालत नाही. तिथे हात हलका ठेवून वेगळ्या पद्धतीने काम झालं.)

आत जे दिसतंय तो चुना नाही, रंगही नाही. तो पॅरिसच्या परिसरातल्या खाणींचा चुनखडीचा दगड आहे. त्याचा मूळ रंगच साईसारखा आहे.

एकच दिवा, चौपट उजेड

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा हिशोब इथे आहे, म्हणून जरा थांबू.

खोलीतला उजेड दोन वाटांनी येतो. एक, दिव्यातून थेट. दोन, भिंतींवर आपटून, परत फिरून. समजा भिंतीवर १०० भाग उजेड पडला. काजळलेला दगड त्यातला पाचवा हिस्सा परत देतो असं धरू, म्हणजे २०. ते २० समोरच्या भिंतीवर पडले, तिने ४ परत दिले. पुढे एकाहूनही कमी. बेरीज जेमतेम २५.

आता तोच दगड साफ केला आणि तो निम्मा उजेड परत देऊ लागला. १०० चे ५०, ५० चे २५, २५ चे साडेबारा... ही बेरीज १०० च्या घरात जाते. दिवा तोच, वीज तेवढीच, आणि भिंतींकडून मिळणारा उजेड चौपट. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण गणिताची जात हीच आहे. दगड अडीच पट उजळ झाला की उजेड अडीच पट वाढून थांबत नाही, तो भिंतीभिंतींत चेंडूसारखा खेळत राहतो.

म्हणून प्रकाशयोजनाकाराला जीर्णोद्धाराच्या सुरुवातीला बोलावलं, तर त्याची पंचाईत होते. काळ्या भिंती बघून त्याने दिव्यांची संख्या ठरवली, तर साफसफाई संपेपर्यंत ते दिवे नको तितके झालेले असतात. म्हणून आधी भिंतीचा एक तुकडा साफ करून घ्यायचा, रात्री तिथे दोन-तीन प्रकारचे दिवे तात्पुरते टांगून बघायचे आणि मगच कागदावर आकडा लिहायचा. हा नमुना-प्रयोग पैसे वाचवायच्या नादात गाळला जातो. नंतर तोच महाग पडतो.

खोक्यावरचे आकडे

दुकानात एलईडी बल्बच्या खोक्यावर जे लिहिलेलं असतं, त्यातलेच दोन-तीन शब्द आपल्याला लागतील.

लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठावर किती उजेड पडतो त्याचं माप. एका मेणबत्तीपासून एक मीटरवर साधारण १ लक्स मिळतो. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास. ऑफिसातलं टेबल ३०० ते ५००. भर दुपारचं ऊन एक लाख. डोळा हा सगळा पल्ला सांभाळतो. त्याला फक्त वेळ द्यावा लागतो. मॅटिनी शो सुरू झाल्यावर आत शिरलं की आधी खुर्चीच दिसत नाही, पाच मिनिटांनी शेजारच्याचं पॉपकॉर्नही दिसतं.

केल्विन म्हणजे उजेडाचा रंग. आकडा लहान तितका उजेड पिवळा. मेणबत्ती १९०० च्या आसपास, दुकानातला 'वॉर्म व्हाइट' २७०० ते ३०००, आणि आपल्याकडे घरोघरी लावला जाणारा 'कूल डेलाइट' ६५००.

तिसरी गोष्ट आहे रंगनिष्ठा. त्या उजेडात वस्तूचे रंग किती खरे दिसतात, याला १०० पैकी मार्क देतात. साडीच्या दुकानात आई साडी घेऊन दारापर्यंत जायची आणि म्हणायची, "जरा उजेडात बघू द्या." ती दुकानातल्या ट्यूबची रंगनिष्ठाच तपासत होती. स्वस्त एलईडीत सगळ्यात आधी मार खातो तो लाल. चर्चमध्ये भित्तिचित्रातला झगा, पुतळ्यावरचा जुना रंग, सोन्याच्या वर्खाखालची लाल माती, सगळीकडे लालच असतो. म्हणून तिथे नव्वदीच्या खालचा दिवा लावू नये.

"पण जुनी चर्चं अंधारीच असायची ना?"

हा आक्षेप बरोबर वाटतो आणि नेमका तिथेच आपला मराठी डोळा फसतो. आपल्या मनातलं पावित्र्य गाभाऱ्याचं असतं. एक समई, तेलकट काळा दगड, वाकून आत जावं लागेल असं दार. गाभारा मुळातच अंधारा बांधलेला असतो.

गॉथिक चर्चचा, म्हणजे नोत्र दामसारख्या उंच, टोकदार कमानींच्या मध्ययुगीन चर्चचा, विचार उलटा होता. पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या मठात सुजेर नावाच्या मठाधिपतीने ११४४ मध्ये चर्चचा नवा पूर्वेकडचा भाग उघडला, तो भिंती पातळ करून, काचा वाढवून, उजेड आत ओढण्यासाठीच. उजेड हे त्यांच्यासाठी ईश्वराचं जवळात जवळचं रूप होतं. नोत्र दामचं काम त्यानंतर वीसेक वर्षांनी, ११६३ मध्ये सुरू झालं. बांधकाम चालू असतानाच आत पुरेसा उजेड नाही असं लोकांच्या लक्षात आलं आणि १२२५ च्या सुमारास वरच्या खिडक्या फोडून मोठ्या केल्या गेल्या. अठराव्या शतकाच्या मध्यावर तिथल्याच धर्मगुरूंनी मध्ययुगीन रंगीत काचा अंधार करतात म्हणून काढून टाकल्या आणि साध्या काचा बसवल्या. तीन मोठ्या गुलाब-खिडक्या (पाकळ्यांसारखी रचना असलेल्या गोल रंगीत खिडक्या) तेवढ्या वाचल्या. शंभर वर्षांनी व्हायोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने जीर्णोद्धार करताना पुन्हा रंगीत काचा आणल्या आणि काही खिडक्या मूळच्या छोट्या रूपात परत बांधल्या. १९६० च्या दशकात आणखी नव्या काचा आल्या. आता कडेच्या सहा प्रार्थनागृहांत क्लेर ताबुरे या चित्रकर्तीच्या नव्या काचा बसवायचं ठरलंय आणि त्यावर भांडण चालूच आहे.

म्हणजे "मूळ उजेड" असा एकच काही नाहीच. गेली आठशे वर्षं तिथले लोक खिडकी उघडा, खिडकी झाका हेच करत आलेत. मामेभावाला जो गूढ अंधार आठवतो, त्यातला बराचसा काजळीचा होता. त्या काजळीवर प्रेम करायला माझी हरकत नाही. जुन्या वाड्याचा कुबट वास मलाही आवडतो. फक्त तो वाड्याच्या गवंड्याने बांधलेला नव्हता, एवढं मान्य करायचं.

काच आणि दिवा यांचं जमत नाही

आता खरी अडचण. दिवसा आपल्या घराच्या खिडकीतून बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. संध्याकाळी दिवा लावला आणि पडदा ओढायला विसरलो, तर समोरच्या इमारतीला आपलं जेवणाचं ताटसुद्धा दिसतं. काच नेहमी अंधाऱ्या बाजूच्या माणसाला उजळ बाजू दाखवते.

रंगीत काचेचंही तेच. उत्तरेकडची गुलाब-खिडकी, सुमारे १३ मीटर व्यासाची, तेराव्या शतकातली, निळ्या-जांभळ्या तुकड्यांची. ती पेटल्यासारखी दिसते कारण बाहेर उजेड आहे आणि आत तुलनेने अंधार आहे. आतले दिवे वाढवले की काचेच्या आतल्या पृष्ठावर तो उजेड पडतो, काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या करड्या दिसू लागतात, रंग धुऊन निघाल्यासारखे होतात. प्रत्येक जास्तीचा दिवा खिडकीच्या खिशातून पैसे काढतो.

म्हणून दिवसा शहाणी योजना खिडकीच्या जवळचा भाग सोडून देते. दिवा पडतो तो खिडकीपासून लांब, वेदीवर, खांबांच्या मधल्या काळोख्या जागांत. नोत्र दामच्या आतल्या नव्या दिव्यांची रचना पात्रिक रिमू या फ्रेंच प्रकाशकाराची आहे. ते सगळे दिवे एलईडी आहेत आणि त्यांची तीव्रता गटागटाने कमी-जास्त करता येते. हवं तिथे, हवं तेव्हा उजेड मागे घेता येण्याची सोय यातली मोठी गोष्ट आहे.

रात्री चित्र उलटं. आतून बघणाऱ्याला काचा काळ्याठिक्कर दिसतात आणि बाहेर नदीकाठी उभ्या माणसाला त्या पेटलेल्या दिसतात. रात्रीच्या मिस्सेला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) आत बसलेल्यांसाठी खिडकी नसतेच, म्हणून त्यांची नजर जाईल अशी दुसरी जागा तयार करावी लागते. बहुतेक वेळा ती वेदी आणि वरची कमान असते.

हनुवटीखालची टॉर्च

लहानपणी वीज गेली की आम्ही हनुवटीखाली टॉर्च धरून धाकट्या भावंडांना घाबरवायचो. चेहरा तोच, उजेड उलट्या दिशेने आला की भूत. पुतळ्यांचंही असंच होतं. शिल्पकाराने पापणी, नाक, झग्याची चुणी कोरली ती वरून, खिडकीतून येणारा उजेड धरून. जमिनीतून वर झोत मारला की सावल्या उलट्या पडतात आणि करुण चेहरा उगाचच दुष्ट दिसू लागतो.

समोरून सपाट झोत मारला तर? पासपोर्ट फोटो. कोरीव कामाची सगळी खोली मरते. नोत्र दाममध्ये वेदीच्या मागच्या भागाभोवती चौदाव्या शतकातली रंगवलेली दगडी शिल्पपट्टी आहे, ख्रिस्ताच्या आयुष्यातले प्रसंग असलेली. अशा पट्टीला उजेड बाजूने, तिरका, घासून जाईल असा हवा. शेतातल्या सरी सकाळच्या कोवळ्या उन्हात जशा उठून दिसतात आणि दुपारी बाराला गायब होतात, तसं.

आणि तिसरा दोष, ज्याला माझी सगळ्यात जास्त हरकत आहे: डोळ्यांत जाणारा दिवा. घाटात समोरून कोणी अप्पर मारत आला की त्याच्या गाडीशिवाय काहीच दिसत नाही. चर्चमध्ये एक जरी दिवा उघडा दिसला, तरी डोळा त्या दिव्याशी जुळवून घेतो आणि बाकीचं सगळं काळं पडतं. मग फादर म्हणतात, "अंधार वाटतो, अजून दोन हॅलोजन लावा." दोन लावले की आणखी अंधार वाटतो. असा प्रकार मी मुंबईतल्या एका जुन्या चर्चमध्ये डोळ्यांनी पाहिलाय. शेवटी तिथे अकरा हॅलोजन झाले होते आणि लाकडी वेदीवरचं सोनेरी काम बिस्किटाच्या डब्याच्या झाकणासारखं दिसत होतं. त्यातले सात काढले, उरलेले खांबांमागे नेले, आणि आजीबाईंना स्तोत्रांचं पुस्तक पहिल्यांदा नीट वाचता आलं.

दिवा दिसू नये, त्याने उजळलेली वस्तू दिसावी. त्यासाठी तो कठड्यामागे, खांबाच्या माथ्यावरच्या पट्टीमागे, गॅलरीच्या आतल्या अंगाला लपवतात आणि झोत अरुंद ठेवतात. १० अंशांचा झोत २० मीटरवरून सोडला तर खाली साधारण साडेतीन मीटरचं वर्तुळ पडतं. तेवढ्यात वेदी बसते. ६० अंशांचा सोडला तर वेदी, पहिल्या चार रांगा आणि झाडू ठेवायचं कपाट, सगळं एकसारखं उजळतं.

"मग सरळ मेणबत्त्याच लावा ना"

भावनेने पटतं. गणिताने नाही. उजेड अंतराच्या वर्गाने उतरतो: अंतर दुप्पट, उजेड पाव. एक मीटरवर १ लक्स देणारी मेणबत्ती ३३ मीटर उंच छतापर्यंत लक्सचा हजारावा भाग पोचवते. खाली मधोमध हजार मेणबत्त्या एकत्र पेटवल्या तर त्या उंच कमानीला कुठे एक लक्स मिळेल. आणि त्यांची काजळी? पाच वर्षांच्या जीर्णोद्धारात जी काढली तीच.

पण मेणबत्तीकडून एक गोष्ट एलईडीला शिकता येत नाही, ती म्हणजे हलणं. सोन्याचा वर्ख स्थिर दिव्याखाली पिवळ्या रंगासारखा दिसतो. ज्योत हलली की तो चमकतो, विझतो, पुन्हा चमकतो. देवघरातल्या चांदीच्या मूर्तीसमोर निरांजन ओवाळतानाचा तो क्षण आठवा. मला विचाराल तर सोनेरी वेदीसमोर चार खऱ्या मेणबत्त्या हव्यातच आणि त्यांच्या आसपासचे विजेचे दिवे इतके मंद हवेत की त्या चार दिसतील. प्लास्टिकच्या फडफडणाऱ्या मेणबत्त्या बसवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

भोक कुठे पाडायचं?

घरी दिवा लावायचा म्हणजे ड्रिल, रावळ-प्लग, स्क्रू. आठशे वर्षांच्या दगडात भोक पाडलं तर ते कायमचं. १९६४ च्या व्हेनिस सनदेने जुन्या वास्तूंच्या जतनाला जी शिस्त लावली, तिचा गाभा असा की नवं काम नवं म्हणून ओळखू यावं आणि त्याने जुन्याचा पुरावा पुसू नये. त्यातूनच पुढे हा दंडक आला की आज जे बसवाल ते उद्या काढता आलं पाहिजे, खूण न ठेवता.

म्हणून आधी जुनी भोकं शोधतात. प्रत्येक जुन्या चर्चमध्ये गॅसच्या दिव्यांच्या, पहिल्या विजेच्या तारांच्या, कोणी कधी टांगलेल्या पडद्यांच्या खिळ्यांच्या जागा असतात. त्या वापरायच्या. नसतील तर दगडात नव्हे, दोन दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यात शिरायचं, कारण सांधा पुन्हा भरता येतो. तेही नको असेल तर खांबाला पट्टा आवळायचा किंवा कठड्यावर वजनाने दिवा ठेवून द्यायचा. खिळा मारायचाच तर स्टेनलेस स्टीलचा. साधं लोखंड गंजतं, फुगतं आणि आतून दगड फोडतं. कोकणात राहणाऱ्याला हे सांगायला नको.

तारांचा प्रश्न नाजूक आहे. नोत्र दामच्या आगीचं नेमकं कारण निश्चित झालेलं नाही. जाळपोळीचा पुरावा मिळाला नाही आणि विजेतला बिघाड किंवा नीट न विझलेली सिगारेट या शक्यता तपासात पुढे आल्या. कारण काहीही असो, जुन्या लाकडाजवळून तार नेताना आता प्रत्येकाचा हात थबकतो. नव्या छताच्या लाकडी सांगाड्यात पाण्याचं धुकं सोडणारी यंत्रणा बसवलीय. एलईडीचा फायदा असा की जुना पिवळा बल्ब एका वॅटला बारा-पंधरा लुमेन (म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड) द्यायचा, एलईडी शंभराहून जास्त देतो. वीज कमी, तार बारीक, उष्णता कमी.

पण एलईडीची एक खोड विकणारा सांगत नाही. दिवा स्वतः ५०,००० तास चालतो असं खोक्यावर लिहितात, रोज १० तास धरले तर तेरा-चौदा वर्षं. आधी मरतो तो त्याचा ड्रायव्हर, म्हणजे वीज त्याला हवी तशी करून देणारी डबी. ती डबी दिव्याबरोबर ३० मीटर उंचीवर बसवलीत तर दर वेळी परांची बांधा. ती खाली, कुलूप लावलेल्या कपाटात आणा, वायरमन स्टुलावर चढून बदलेल.

"या उजेडाने जुन्या वस्तू खराब होत नाहीत?"

दगडाला काही होत नाही. कापड, कागद, रंगवलेलं लाकूड यांना होतं. हिशोब सोपा आहे: किती लक्स गुणिले किती तास. संग्रहालयं नाजूक कापडांसाठी ५० लक्सची मर्यादा पाळतात. ५० लक्स, रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस म्हणजे १,२०,००० लक्स-तास. तेवढी झीज खिडकीतून आलेलं थेट ऊन दोन-चार तासांत करतं. त्यामुळे शत्रू क्रमांक एक खिडकी, दिवा दुसरा. एलईडीच्या झोतात अतिनील किरण जवळपास नसतात, हे त्याच्या बाजूचं. ओल असलेल्या भिंतीवर मात्र सतत दिवा असला की हिरवं शेवाळ धरतं. फ्रान्समधली लास्कोची चित्रगुहा १९६३ मध्ये लोकांसाठी बंद करावी लागली त्यात माणसांच्या श्वासाइतकाच दिव्यांचाही हात होता. अजिंठ्यात फ्लॅश मारू देत नाहीत आणि आतले दिवे मंद ठेवतात, ते उगाच नाही.

सहा बटणं

चर्च दिवसभरात चार वेगवेगळी घरं असतं. सकाळी दोन माणसं गुडघे टेकून बसलेली, दुपारी पर्यटकांची रांग, संध्याकाळी मिस्सा, रात्री एखादी वाद्यमैफल. वाचायला पुस्तकावर १०० ते २०० लक्स लागतात, एकट्याने प्रार्थना करायला त्याच्या दहाव्या हिश्शात भागतं. म्हणून दिव्यांचे गट करून आधीच 'दृश्यं' ठरवून ठेवतात आणि बटण दाबलं की एकातून दुसऱ्यात हळूहळू सरकतं, पंख्याचा रेग्युलेटर कोणीतरी सावकाश फिरवल्यासारखं.

इथे तंत्रज्ञांचा मोह आवरावा लागतो. टचस्क्रीनवर चाळीस दृश्यं दिली की चर्चचा सेवक पहिल्या आठवड्यात सगळी बघतो आणि नंतर वर्षभर 'सगळे चालू' हेच वापरतो. सहा बटणं, त्यावर मराठीत चिकटपट्टी: सकाळ, मिस्सा, लग्न, अंत्यविधी, साफसफाई, बंद. वसईच्या एखाद्या चर्चला हे पुरेल आणि मला वाटतं पॅरिसलाही. टीव्हीवर आपण पाहिलं ते उद्घाटनाचं दृश्य होतं, कॅमेऱ्यांसाठी भरपूर उजेडाचं. त्यावरून रोजच्या संध्याकाळचा अंदाज करणं म्हणजे लग्नाच्या मंडपावरून घर कसं आहे ते ठरवणं.

ओल्ड गोव्यातला एक रस्ता

दगड आणि दिव्याचं नातं बघायला पॅरिसला जायची गरज नाही. ओल्ड गोव्यात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन चर्चं आहेत. एकीकडे से कॅथेड्रल, बाहेरून पांढरंशुभ्र, १७७६ मध्ये एक मनोरा पडल्यामुळे एका खांद्याने उतरलेलं. समोर बासिलिका ऑफ बॉम जेझूस, १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये अभिषेक झालेलं. त्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला आणि तेव्हापासून जांभा उघडा आहे. जांभा उजेड पितो. जो मंद झोत से कॅथेड्रलला चांदण्यासारखा उजळेल, तो समोरच्या तांबड्या भिंतीत मुरून जाईल. आणि बॉम जेझूसला दिसण्याइतका झोत से कॅथेड्रलवर मारला तर ते पेट्रोलपंप दिसेल. ६५०० केल्विनचा निळसर उजेड जांभ्यावर पडला की तो मातकट, आजारी दिसतो. त्याला २७०० च्या आसपासचा पिवळा हवा.

आत गेलं की गणित पुन्हा बदलतं: पांढऱ्या भिंती, सोन्याने मढलेली वेदी. बाहेर दिवे जास्त लागतात म्हणून आतही तितकेच लावणारा कंत्राटदार तिथे सगळं वाया घालवेल.

बाहेरच्या रोषणाईबद्दल मी कंजूष आहे. सणावारी हेरिटेज इमारतींवर जांभळे, हिरवे, फिरते झोत मारायची आपल्याकडे लाट आलीय. दगडाला स्वतःचा रंग असतो, तो झाकून त्याची शोभा कशी वाढेल? शिवाय मनोऱ्यात घुबडं आणि वटवाघळं राहतात. रात्रभर पेटलेल्या मनोऱ्यातून ती निघून जातात, आणि पावसाळ्यात त्या झोताभोवती किड्यांचे ढग जमतात, सकाळी पायऱ्यांवर त्यांचा खच. रात्री अकराला बाहेरचे दिवे बंद करणारा एक साधा टायमर हजार-दोन हजारांत मिळतो.

भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चच्या जीर्णोद्धाराला २०१९ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. सध्याची इमारत १९१३ ची, उंच मनोऱ्यांची. तिथे किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही जुन्या चर्चमध्ये संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास जाऊन मागच्या बाकावर बसा. खिडक्या विझत असतात आणि दिवे अजून लागलेले नसतात. पाच मिनिटं डोळ्यांना द्या. मग सेवक येऊन बटण दाबेल, तेव्हा आधी काय दिसेनासं झालं ते बघा.